न्यू व्हेगसच्या मॉडसाठी गावाचं नाव हवंय, खरं गाव घेऊ की बनवू?

गेकवाला_नाशिक

मंडळी, गेले चार महिने ऑफिसनंतर रात्री बसून फॉलआउट न्यू व्हेगस या अणुयुद्धानंतरच्या जगात घडणाऱ्या गेमसाठी एक छोटा मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतःची भर, करतोय. गेममधल्या मोहावे आउटपोस्टवरून निप्टनकडे उतरताना रस्त्याच्या कडेला एक वस्ती टाकलीय, दहाबारा माणसं, एक हापसा, दोन डोक्यांच्या गायींचा गोठा, पत्र्याच्या चार खोल्या. गेकमध्ये (मॉड बनवायचं सॉफ्टवेअर) सगळं उभं राहिलं, माणसं चालतात, रात्री झोपतात, संवाद पण बऱ्यापैकी लिहून झालेत, आणि अडलंय कुठं तर नावावर. आत्तापर्यंत सात नावं बदलली. न्यू होप, डस्टी क्रीक, आयर्न वेल, असलीच सगळी. कागदावर बरी वाटतात पण गेममध्ये नकाशावर ते नाव उमटलं की लगेच कळतं की हे कुणीतरी टेबलावर बसून ठेवलंय. तेच नोव्हॅक ऐका, प्रिम ऐका, गुडस्प्रिंग्ज ऐका, तिथं माणसं राहतात असं वाटतं.

माझा भाऊ म्हणतो की सरळ नेवाडाचा नकाशा उघड आणि एखादं खरं गाव उचल, गेमवाल्यांनी पण तेच केलंय. मला आधी माहीतच नव्हतं की त्यातली बरीच गावं खरी आहेत, मी इतकी वर्षं ती सगळी बनवलेली समजत होतो. मग आता प्रश्न असा की कुठली खरी आणि कुठली बनवलेली, आणि बनवलेल्या नावांत ती मजा नेमकी कशामुळे येते? ज्यांनी जुने फॉलआउट, स्टॉकर वगैरे मन लावून खेळलेत त्यांनी प्लीज सांगा. मला हे नाव नीटच ठेवायचंय.

आयपंधरा

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, आणि हा गेम खेळल्यावर मुद्दाम गाडी घेऊन ही सगळी गावं बघून आलोय, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गुडस्प्रिंग्ज खरं आहे. लास व्हेगसच्या नैर्ऋत्येला साधारण पंचावन्न-साठ किलोमीटरवर, मुख्य हायवे सोडून आत जावं लागतं. तिथं पायोनियर सलून म्हणून १९१३ सालचा बार आहे आणि त्याला लागून जनरल स्टोअर. गेममध्ये हेच प्रॉस्पेक्टर सलून आणि दुकान म्हणून येतं, दोन्हींची जागाही तशीच शेजारी-शेजारी. मी आत गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील, बाहेर भट्टीसारखं ऊन, आत अंधार, भिंतीला शिक्क्यासारखी नक्षी उठवलेला पत्रा आणि त्यात गोळ्यांची भोकं. मी त्या भोकात बोट घालून बघितलं. गेममध्ये त्या बारमध्ये मी शंभर वेळा तरी गेलो असेन, पण पत्रा हाताला गार लागतो हे तिथं कळलं. १९४२ मध्ये अभिनेत्री कॅरोल लोम्बार्डचं विमान जवळच्याच डोंगरावर पडलं तेव्हा तिचा नवरा क्लार्क गेबल बातमीची वाट बघत याच बारमध्ये बसला होता असं तिथले लोक सांगतात.

आणि नावाबद्दल एक गोष्ट, गुडस्प्रिंग्जमधलं गुड म्हणजे चांगलं नव्हे. जोसेफ गुड नावाचा माणूस होता, त्याची गुरं तिथल्या झऱ्यावर यायची, म्हणून गुडचे झरे. म्हणजे तुमचं न्यू होप जिथं फसतं तिथंच हे जमतं. होप हा नुसता अर्थ झाला, गुड हा माणूस होता.

प्रिम पण खरं. राज्याच्या हद्दीवर, आय पंधरा हायवेला चिकटून. त्याला आधी स्टेट लाइन म्हणायचे, पण त्याच राज्यात उत्तरेला दुसरं स्टेटलाइन आहे म्हणून १९९६ मध्ये अर्नेस्ट प्रिम या तिथल्या कॅसिनोवाल्याच्या नावावरून बदललं. गेममध्ये बायसन स्टीव्ह हॉटेलमधून रोलरकोस्टर बाहेर येतो ना, तसं खऱ्या प्रिममध्ये बफेलो बिल्स आहे, त्यालाही रोलरकोस्टर गुंडाळलेला आहे. मी गेलो तेव्हा तो बंद होता आणि खाली पार्किंगमध्ये वारा सोडून काही नव्हतं. गेममधले व्हिकी आणि व्हान्स म्हणजे बॉनी आणि क्लाइड हे अमेरिकेतलं कुख्यात दरोडेखोर जोडपं, त्यांची गोळ्यांनी चाळण झालेली गाडी प्रिममध्ये काचेत ठेवलेली असायची.

निप्टन पण खरं, तेवढं हद्दीच्या अलीकडे कॅलिफोर्नियात येतं, रेल्वेलाइनशेजारी मूठभर घरं. सर्चलाइट खरं, नेल्सन खरं, बोल्डर सिटी खरं.

नोव्हॅक तेवढं खोटं. त्यातला डायनासोर मात्र खरा! तो नेवाडात नाही, कॅलिफोर्नियात कॅबझन म्हणून जागा आहे, वेगळ्याच हायवेवर, तिथं क्लॉड बेल नावाच्या माणसानं रस्त्याकडेला काँक्रीटचे दोन प्रचंड डायनासोर बांधले. एकाचं नाव डिनी, त्याच्या पोटात दुकान आहे. दुसरा टी-रेक्स, त्याच्या आतून जिना चढून थेट जबड्यात जाता येतं. मी जबड्यात उभा राहून दातांमधून खालचा हायवे बघितला, आणि गेममध्ये रात्री बून नावाचा पहारेकरी जिथं बंदूक घेऊन उभा असतो ती जागा हीच हे पटलं. गेममध्ये याचंच डिंकी झालंय.

व्हॉल्टतेरा

वरचं सगळं वाचून मस्त वाटलं. मी १९९७ चा पहिला फॉलआउट कॉलेजच्या हॉस्टेलवर खेळलोय आणि तेव्हापासून या नावांचा नाद आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

माझं मत असं की या मालिकेतली चांगली नावं ठेवलेली नाहीत, ती झिजून झालेली आहेत. नोव्हॅक घ्या. मोटेलच्या पाटीवर ‘नो व्हेकन्सी’ होतं, म्हणजे खोल्या शिल्लक नाहीत, पुढची अक्षरं गेली, उरलं नोव्हॅक, आणि नंतर जे लोक राहायला आले त्यांनी तेच गावाचं नाव धरलं. फॉलआउट ३ मध्ये अरेफू आहे, मोडक्या उड्डाणपुलावरची वस्ती. पाटी होती ‘केअरफुल’ची, पुढचं सी आणि मागचं एल पडलं, उरलं अरेफू. यात गंमत अशी की अरेफू नावाचं खरं गाव रोमेनियात आहे, ज्याच्यावरून ड्रॅक्युलाचं नाव आलं त्या व्लाडच्या पोएनारी किल्ल्याच्या पायथ्याशी, आणि गेममधल्या अरेफूच्या गोष्टीत रक्त पिणारी माणसं येतात. म्हणजे ज्यानं हे लिहिलं त्यानं पाटीतून पडलेल्या अक्षरांतून बरोबर तेच गाव काढलं. मला हे कळलं त्या दिवशी मी गेम परत पहिल्यापासून सुरू केला होता.

आपल्याकडे हे नवीन नाही. प्रतिष्ठानचं पैठण झालं, शूर्पारकचं सोपारा झालं, श्रीस्थानकचं ठाणे झालं. पैठणला राहणाऱ्याला रोज उठून प्रतिष्ठान आठवत नाही, आणि म्हणूनच ते नाव खरं वाटतं. अजून जवळचं बघायचं तर पुण्यात डेक्कन. मूळ नाव डेक्कन जिमखाना, जिमखाना गळला, आता नुसतं डेक्कन, ‘डेक्कनला उतरतो’ म्हणताना दख्खनचं पठार कुणाच्या डोक्यात असतं? आणि बसच्या पाटीवर मनपा. महानगरपालिकेचं आद्याक्षरी नाव, पण बसमध्ये बसणाऱ्यासाठी ती एक जागा आहे, मनपा. उद्या महानगरपालिका म्हणजे काय हे सांगणारं कुणी उरलं नाही तरी मनपा राहील. नोव्हॅक म्हणजे मनपा आहे बघा.

दुसरा प्रकार कामावरून पडलेल्या नावांचा. पहिल्या फॉलआउटमध्ये द हब, जंकटाऊन, आणि लॉस एंजेलिसला बोनयार्ड, कारण उंच इमारतींचे सांगाडे हाडांसारखे उभे. फॉलआउट ३ चं मेगाटन न फुटलेल्या बॉम्बभोवती वसलेलं, रिव्हेट सिटी विमानवाहू जहाजात. ही नावं आपल्या नाका, फाटा, चौकीसारखी, माणूस गरजेपुरतं बोलतो तशी.

आणि फॉलआउट ४ मधली डायमंड सिटी. ते बोस्टनचं फेनवे पार्क, १९१२ चं बेसबॉलचं मैदान. डायमंड म्हणजे बेसबॉलचा चौकोन, पण तिथल्या लोकांना ते धड माहीत नाही. बाजारात मो नावाचा बॅट विकणारा आहे, तो छातीठोकपणे सांगतो की पूर्वी बेसबॉल म्हणजे दोन टोळ्या बॅटींनी एकमेकांना मरेपर्यंत मारायच्या. नाव राहिलं, बॅट राहिली, खेळ गेला. दोनशे वर्षं म्हणजे काय हे मला त्या एका संवादात जेवढं कळलं तेवढं सगळ्या पडक्या इमारती बघून नाही कळलं.

म्हणून गेकवाले भाऊ, नाव शोधू नका. तुमच्या वस्तीच्या जागी युद्धाआधी काय होतं ते आधी ठरवा, मग त्याची मोडतोड करा.

दवणा

मी फॉलआउट फार खेळले नाही, माझं सगळं प्रेम चोर्नोबिलच्या आसपास घडणाऱ्या स्टॉकर या गेममालिकेवर. तिथं हा प्रश्न वेगळा आणि थोडा जड होतो म्हणून लिहितेय.

२००७ चा पहिला स्टॉकर कीव्हच्या लोकांनी बनवला. त्यांच्यासाठी प्रिप्यात हे नकाशावरून उचललेलं नाव नव्हतं, घरापासून दोन-अडीच तासांवरची जागा होती. टीमनं स्वतः झोनमध्ये, म्हणजे चोर्नोबिलच्या अणुभट्टीभोवतीच्या बंद भागात, जाऊन फोटो काढले आणि त्यावरून इमारती उभ्या केल्या. प्रिप्यात १९७० मध्ये वसलं, अणुभट्टीच्या कामगारांसाठी, आणि २७ एप्रिल १९८६ ला, स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी, रिकामं केलं. पन्नासेक हजार माणसं. तिथला आकाशपाळणा १ मे ला सुरू व्हायचा होता. लाल जंगल खरं आहे, किरणांनी पाइनची झाडं मरून तांबूस पडली म्हणून ते नाव. ज्युपिटर कारखाना खरा आहे. कोपाची गाव खरं आहे, त्याची घरं बुलडोझरनं पाडून मातीत पुरली. आणि मग मधेच लिमान्स्क येतं, ते मात्र पूर्ण बनवलेलं. मला बरेच दिवस ते पण खरंच वाटायचं. कारण साधं आहे, लिमान म्हणजे खाडीसारखं पसरलेलं पाणी, आणि शेवटी स्क, जे तिकडच्या कितीतरी शहरांच्या नावात असतं. आपल्याकडे कुणी नवीन वाडी किंवा बुद्रुक-खुर्द जोडून गाव सांगितलं तर आपण नकाशा न बघता मान डोलावू, तसंच.

चोर्नोबिल हे नावच मुळात एका झुडपाचं आहे. आपला दवणा, जोतिबाला वाहतात तो, त्याच्याच कुळातलं. मला हे कळल्यावर मी इथलं माझं नाव बदललं. २०२४ मध्ये दुसरा स्टॉकर आला तेव्हा त्यांनी नावात रशियन वळणाचं चेर्नोबिल टाकून युक्रेनियन चोर्नोबिल केलं, एका स्वराचा फरक आहे पण तो त्यांना महत्त्वाचा होता आणि मला ते फार पटलं.

माझं म्हणणं एवढंच की खरं गाव घ्यायचं तर तिथली माणसं अजून जिवंत आहेत हे लक्षात ठेवून घ्या. कोपाचीत जन्मलेली एखादी बाई आजही कुठंतरी असेल. गेमवाल्यांनी कोपाची दाखवलं तेव्हा तिथं अर्धवट पुरलेली घरं दाखवली, त्याची गंमत नाही केली. तुमच्या मॉडमध्ये निप्टनजवळचं एखादं खरं दहा घरांचं गाव घेऊन तिथं सगळ्यांना मारून टाकलं तर मला ते नाही आवडणार. बनवलेलं नाव असेल तर हा प्रश्नच येत नाही.

गेकवाला_नाशिक

बाप रे, एवढं सगळं! आयपंधरा, तुमचा तो पत्र्याचा भाग मी दोनदा वाचला. दवणा ताई, तुमचं पटलं, खरं गाव नाही घेत, भावाला पण तेच सांगितलं.

व्हॉल्टतेरा म्हणतात तसं काल रात्री बसून ठरवलं. वस्ती उतारावर आहे, तर युद्धाआधी तिथं पळत्या ट्रकसाठीचा खडीचा चढ होता असं धरलंय. घाट उतरताना ब्रेक गेलेला ट्रक त्या जाड खडीत घालायचा म्हणजे तो रुतून थांबतो, तसला. अमेरिकेत त्याला ‘रनअवे ट्रक रॅम्प’ अशी पिवळी पाटी असते. मग गावाचं नाव रनअवे ठेवू का? लीजनच्या (गेममधली माणसांना गुलाम करणारी फौज) हातून पळून आलेली माणसं तिथं राहतात, अर्थ पण जुळतो.

व्हॉल्टतेरा

रनअवे नको हो. अर्थ जुळतोय हाच त्याचा दोष. पळून आलेले लोक आणि गावाचं नाव पळपुटं, खेळणाऱ्याला लगेच लेखकाचा हात दिसतो. नोव्हॅकचा नोव्हॅकमधल्या कुणाशीही काही संबंध नाही म्हणून ते टिकतं. पाटी अजून मोडा.

फेअरवेल_बेंड

मोडण्याबद्दल एक उदाहरण देतो, डेज गॉनमधलं. तो गेम ओरेगनमध्ये घडतो आणि त्यात फेअरवेल नावाचं गाव आहे. गेम बनवणारा स्टुडिओ ओरेगनमधल्याच बेंड शहरातला. आणि बेंडचं जुनं नाव काय, तर फेअरवेल बेंड! नदीचं ते वळण सोडून पुढं जाताना लोक निरोप घ्यायचे. पुढं पोस्टाच्या कामासाठी नाव आखूड झालं आणि नुसतं बेंड उरलं. म्हणजे खऱ्या जगात जे गळून पडलं तेच गेमनं उचललं. मला हे फार सुंदर वाटतं. तर तुमच्या पाटीतलं काय उरलं एवढंच बघू नका, काय पडलं ते पण लिहून ठेवा.

फॉलआउट ७६ पण बघा वेळ मिळाला तर. त्यात वेस्ट व्हर्जिनियाची खरी गावं खऱ्या नावानं आहेत, पॉइंट प्लेझंट, फ्लॅटवूड्स, हेल्व्हेशिया. हेल्व्हेशिया हे स्विस लोकांनी वसवलेलं चिमुकलं गाव, त्यांचा मुखवट्यांचा फास्नाख्ट सण गेममध्ये पण आहे. पण ग्रीनब्रायर हॉटेलचं नाव तेवढं बदलून व्हाइटस्प्रिंग केलंय, आणि त्याखालचा बंकर मात्र खरा आहे, शीतयुद्धात अमेरिकी संसदेसाठी गुपचूप बांधलेला, १९९२ मध्ये बातमी फुटली. गेममधली सगळ्यात अविश्वसनीय जागा खरी आणि नाव खोटं.

सांगेकार

गोव्याहून लिहितोय. मी एवढे गेम खेळलो नाही, मुलगा खेळतो, त्याच्या शेजारी बसून न्यू व्हेगस बघितलाय. पण नावाचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

आमच्या सांगे तालुक्यात कुर्डी म्हणून गाव होतं, मोगूबाई कुर्डीकरांचं. साळावलीचं धरण झालं आणि १९८० च्या दशकात ते पाण्याखाली गेलं, माणसं वाड्याला आणि वालकिणीला हलवली. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा गाव वर येतं, भेगाळलेली जमीन, घरांचे चौथरे, सोमेश्वराचं देऊळ, आणि लोक तिथं जमतात, देवळात उत्सव करतात, ख्रिस्ती मंडळी चॅपेलच्या फेस्ताला येतात. मी एकदा एका म्हाताऱ्या बाईंसोबत गेलो होतो. नुसता चौथरा उरलेला, तिथं त्या थांबल्या आणि म्हणाल्या, चपला काढ, हे आमचं देवघर. सपाट माती होती ती. मी चपला काढल्या.

माझी सूचना अशी. तुमच्या गेममध्ये ते घूल असतात ना, कातडी झडलेले, दोनशे वर्षं जगणारे, मुलानं सांगितलं. तसला एक तुमच्या वस्तीत ठेवा. नवीन आलेली माणसं गावाला काहीही म्हणोत, त्याला जुनं माहीत असणार. मुंबईत अजून लोक व्हीटीच म्हणतात की. सगळी वस्ती एका नावानं बोलते आणि एकच म्हातारा दुसऱ्या नावानं, एवढं केलंत तरी गाव खरं होईल.

आयपंधरा

सांगेकार काका, हे भारी आहे. न्यू व्हेगस २२८१ मध्ये घडतो आणि युद्ध २०७७ चं, म्हणजे त्या घूलनं ती पाटी नवी कोरी बघितलेली असू शकते. गेकवाले, हे कराच.

गेकवाला_नाशिक

झालं मंडळी, नाव मिळालं! पाटी परत मोडत बसलो. ‘रन’ लिहिलेला तुकडा तुटून खाली पडलाय, पुढच्या ओळीतली ‘ट्रक’ची बाकीची अक्षरं गंजून गेलीत आणि नुसता टी उरलाय. म्हणजे ‘अवे’ आणि टी. वस्तीतले लोक त्याला अवेट म्हणतात. अवेटची विहीर, अवेटचा रस्ता. बोलून बघितलं, जिभेवर बसतं, आणि पळण्याचा अर्थ काही उरत नाही. मोहावे आउटपोस्टकडून येणारा एक व्यापारी त्याला अवाट म्हणतो, तेवढी झीज मुद्दाम ठेवलीय.

फेअरवेल_बेंड, पडलेला ‘रन’चा तुकडा फेकला नाही, गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलाय. ज्याला दिसेल त्याला दिसेल, कुणी बोलून दाखवणार नाही.

आणि सांगेकार काका, घूल ठेवला. युद्धाआधी तो ट्रक चालवायचा, त्याच उतारावर त्याचा ब्रेक गेला होता आणि त्या खडीनं त्याला वाचवलं होतं, म्हणून तो तिथून हलला नाही. खेळणाऱ्यानं त्याला विचारलं की या गावाचं जुनं नाव काय, तर तो म्हणतो, ‘इथं गाव नव्हतं रे, इथं उतार होता.’ इंग्रजीत लिहिताना ते वाक्य चार वेळा खोडलं, आता नीट जमलंय.

आज रात्री पाटीचं टेक्स्चर संपवतो. एकाच बोल्टवर लटकतेय, वारा आला की थोडी हलायला हवी, ते ॲनिमेशन कुणाला येत असेल तर सांगा.

व्हॉल्टतेरा

अवेट. मस्त. ॲनिमेशनसाठी गुडस्प्रिंग्जच्या आसपासची एखादी हलणारी पाटी गेकमध्ये उघडून बघा, तीच कॉपी करता येईल. नाही जमलं तर फाइल मला पाठवा, रविवारी बसतो.